जुन्या सीएनसी मशीनच्या डिस्प्लेसाठी सीसीएफएल ट्यूब मापाने बनवून घ्यावी की एलईडी किट बसवावं?

तुमच्या जुन्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनचा डिस्प्ले अंधारा पडलाय. त्यामागे उजेड देणारी सीसीएफएल, म्हणजे काचेची बारीक ट्यूब, मापाने बनवून मिळेल का, की एलईडी किट बसवावं, आणि खर्च किती, असं तुम्ही विचारलंय. ‘चालू करताना दोन सेकंद गुलाबी उजेड येतो आणि विझतो, तिरकी टॉर्च मारली की अक्षरं दिसतात,’ असंही तुम्ही लिहिलंय. ते वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. हाच गुलाबी उजेड मी २०१० च्या पावसाळ्यात कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये पाहिला होता. त्यावरून आमच्या घरात जे भांडण झालं, ते आजही मिटलेलं नाही.

आधी तुमच्यापुरतं सांगतो. तिरकी टॉर्च मारल्यावर अक्षरं दिसतात म्हणजे एलसीडीचं पॅनेल जिवंत आहे, फक्त मागचा उजेड गेलाय. गुलाबी झाक म्हणजे ट्यूबमधला पारा खपलाय. पाऱ्याची वाफ अतिनील किरण सोडते, ते काचेच्या आतल्या फॉस्फरच्या लेपावर पडतात आणि पांढरा उजेड होतो. पारा सरला की मागे फक्त निऑन-आर्गॉनचा तांबूस उजेड राहतो. इन्व्हर्टर, म्हणजे ट्यूबला हाय व्होल्टेज देणारं छोटं सर्किट, ट्यूबच्या करंटवर नजर ठेवून असतो, तो जमला नाही की एक-दोन सेकंदांत स्वतःला बंद करून घेतो. त्यामुळे ‘आधी इन्व्हर्टर बदला’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्याच मापाची चांगली ट्यूब क्षणभर लावून बघा, लगेच कळेल.

मापाने बनवून मिळते का, तर मिळते. पण ‘बावीस सेंटीमीटरची ट्यूब द्या’ असं मागायला गेलात तर फसाल. ट्यूब हा त्या वस्तूचा निम्मा भाग. दोन्ही टोकांच्या सिलिकॉन रबराच्या टोप्या, हाय व्होल्टेजची वायर, परतीची वायर, चंदेरी रिफ्लेक्टरची पन्हळ आणि कनेक्टर हा उरलेला निम्मा. सगळं मिळून असेंब्ली होते आणि ती त्या पॅनेलसाठी, त्या इन्व्हर्टरसाठी बेतलेली असते. तुम्ही असेंब्लीच मागा. एवढी एकच गोष्ट मी दादाला पटवू शकलो नाही.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. आम्ही दोघांनी २००७ मध्ये शाहूपुरीत दुकान टाकलं. आधी पिक्चर ट्यूबचे मॉनिटर दुरुस्त करायचो, मग एलसीडी यायला लागले. दादाचा हात फार वेगवान. लॅपटॉपची ट्यूब बदलायला इतरांना अर्धा दिवस लागायचा, तो तासाभरात मोकळा व्हायचा. सोल्डरिंग मी त्याच्याकडूनच शिकलो, हे मी कुणापुढेही कबूल करतो. पण त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं, ‘ट्यूब ती ट्यूब. उजेड पडला की काम झालं.’ लॅपटॉपला ते चालून जायचं. गिऱ्हाईक दोन-तीन वर्षांत लॅपटॉपच बदलायचं.

जून २०१० मध्ये शिरोलीहून एक मालक आले. फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं मशीनिंग करणारं त्यांचं शॉप, दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीन), दोन्ही जुन्या विकत घेतलेल्या. एका मशीनचा डिस्प्ले अंधारा झाला होता. १०.४ इंची पॅनेल, एकच ट्यूब, खालच्या कडेला. मी त्या दिवशी गडहिंग्लजला गेलो होतो. दादाने लॅपटॉपची ट्यूब काढली आणि संध्याकाळपर्यंत बसवून दिली. डिस्प्ले लखलखला. मालक खूश, दादा खूश, दुसऱ्या दिवशी मीही खूश. मी ती उघडून बघितली नाही.

जेमतेम तीन महिन्यांनी मालकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, उलट अगदी खाली गेला होता. ‘जरा शॉपवर येऊन जा’, एवढंच बोलले.

गेलो. व्हीएमसीच्या दाराच्या काचेला आतून तडा गेला होता. टेबलावर कास्टिंगमध्ये फेसमिलने, म्हणजे पृष्ठभाग सपाट करणाऱ्या कटरने, खोल घाव घातलेला दिसत होता, त्याच्या पात्यांचे म्हणजे इन्सर्टचे तुकडे कूलंटच्या ट्रेमध्ये पडले होते. बाजूला ऑपरेटर उभे होते, साठीला आलेले, शॉपमध्ये सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मामांनी टूलची लांबी टाकताना १३८ च्या जागी १३३ टाकलं होतं. लांबी पाचने कमी पडली म्हणजे कटर पाच मिलिमीटर जास्त खोल जाणार. टाकल्यावर त्यांनी आकडा परत वाचला होता, ही त्यांची रोजची सवय. पण स्क्रीनच्या डाव्या बाजूला एवढा अंधार होता की ३ आणि ८ सारखेच दिसत होते. मामा पंधरा दिवसांपासून मोबाइलचा उजेड पाडून आकडे वाचत होते.

नशिबाने कुणाला लागलं नाही.

मालक मामांना बोलत होते. खरं तर ते वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं. मी मशीन चालू केली. दोन सेकंद गुलाबी पट्टा, मग उजव्या बाजूने मंद पांढरा उजेड आणि डावीकडे संध्याकाळ. मी मालकांना तिथेच म्हणालो, ‘साहेब, मामांना काही बोलू नका. चूक आमची आहे.’

पॅनेल दुकानात आणून उघडलं. तेव्हा जे दिसलं ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पॅनेलमध्येही कुणी असं करू शकतं.

मूळ ट्यूब २.६ मिलिमीटर जाडीची होती, दादाने बसवलेली २ मिलिमीटरची. लांबीला ती सात मिलिमीटर कमी होती, म्हणून एका टोकाला गोंद भरून सरकवून बसवली होती. बारीक ट्यूब, पण इन्व्हर्टर जुनाच, तो आपला जाड ट्यूबचा ६ मिलिअँपिअर करंट लोटत राहिला. टोकाचे इलेक्ट्रोड झिजून काच आतून काळी पडली होती. टोकाजवळ अ‍ॅक्रिलिकचा जो जाड तुकडा उजेड स्क्रीनभर पसरवतो, त्याची कड उष्णतेने पिवळी झाली होती.

हे एक झालं. दुसरं त्याहून वाईट. मूळ हाय व्होल्टेजची वायर तोकडी पडली म्हणून दादाने तिला हाताशी असलेली साधी पीव्हीसीची वायर जोडली होती, वर काळी चिकटपट्टी. ट्यूब चालू असताना सहाशे व्होल्टच्या आसपास असतात, पेटताना हजाराच्या वर जातात, तेही दर सेकंदाला लाखभर वेळा दिशा बदलत. शॉपमध्ये कूलंटची वाफ, तेलाचा थर. त्या चिकटपट्टीखाली काळी रेघ उमटली होती, केसाएवढी, वायरपासून पत्र्यापर्यंत. नखाने खरवडली तर कोळसा निघाला. नाक जवळ नेलं तर जळक्या रबराचा वास. तिथून ठिणगी पत्र्यात उतरत होती.

तिसरं सगळ्यात न दिसणारं, आणि डावीकडचा अंधार त्याचाच. ती जोडलेली लांब वायर पत्र्याच्या मागे चिकटवून फिरवली होती. वायर आणि पत्रा मिळून एक छोटा कपॅसिटर तयार होतो. १० पिकोफॅरड म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ५० किलोहर्ट्झला ६०० व्होल्टवर त्यातून जवळपास २ मिलिअँपिअर पळून जातात. इन्व्हर्टरच्या करंटचा तेवढा वाटा वाटेतच जातो. ट्यूबच्या शेजारचा पत्रा जागोजाग आणखी थोडा खातो. म्हणून हाय व्होल्टेजचं टोक उजळ आणि परतीचं टोक मंद. थर्मामीटरमधला पारा चढावा तशी ट्यूब अर्ध्यापर्यंतच पेटलेली दिसते. आमच्या धंद्यात हा दोष जुना आहे, पण वायर चार बोटं लांब केल्याने तो येतो हे किती जणांना माहीत असतं?

रात्री दादाला सगळं दाखवलं. तो म्हणाला, ‘तीन महिने चालला ना? अंधार दिसल्यावर फोन करायला काय झालं होतं त्यांना? ऑपरेटरने डोळे उघडे ठेवायचे असतात.’ मी म्हणालो, ‘दादा, तो माणूस मोबाइल धरून आकडे वाचत होता. आणखी किती उघडे ठेवायचे?’ काकू मध्ये पडल्या, तेवढ्यापुरतं थांबलं.

मग मी ती असेंब्ली नीट बनवली. त्याला चाळीस दिवस लागले आणि दादा रोज म्हणायचा की चाळीस दिवसांत मी चाळीस डिस्प्ले केले असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एक जण चीनमधून मापाच्या ट्यूब मागवायचा, किमान दहा नग घ्यावे लागायचे. पहिल्या वेळी माप चुकलं. मी टोकाच्या तारांसकट माप सांगितलं होतं आणि त्यांनी काच तेवढी लांब बनवली. दहाही नग वाया. पैसे माझ्या खिशातून गेले, दुकानाच्या नाही. दुसऱ्या वेळी व्हर्नियरने काच ते काच मोजलं, तीनदा, आणि कागदावर चित्र काढून पाठवलं: काचेची लांबी २२२, जाडी २.६, बाहेरची तार किती, करंट किती, उजेडाची छटा कशी.

ट्यूब आल्यावर वायर घेतली ती तीन किलोव्होल्टची, सिलिकॉनच्या आवरणाची. टोकाच्या तारेला सोल्डर लवकर धरत नाही, म्हणून आधी वायरचे तंतू तिच्याभोवती गुंडाळले आणि मग हलक्या हाताने टाका मारला. जास्त वेळ सोल्डरिंग आयर्न धरलं तर काच आणि तार जिथे भेटतात तिथे केसासारखी चीर जाते आणि ट्यूब आठवड्याने मरते. नव्या रबरी टोप्या घातल्या. हाय व्होल्टेजची वायर मूळ होती तेवढीच, एक मिलिमीटरही जास्त नाही. रिफ्लेक्टरची पन्हळ स्पिरिटने पुसली, बोटाचा ठसा राहू दिला नाही. परतीच्या वायरीत १०० ओहमचा रेझिस्टर घालून ऑसिलोस्कोपवर व्होल्टेज बघितलं. ०.६ व्होल्ट म्हणजे ६ मिलिअँपिअर. बरोबर तेवढंच आलं. पॅनेलच्या दोन्ही कडा सारख्या उजळल्या, तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी दुकानात एकटाच होतो, तरी मोठ्याने ‘झालं!’ म्हणालो.

(स्कोपची ही युक्ती परतीच्या बाजूलाच आणि ती बाजू ग्राउंडला जोडलेली असेल तरच करा. काही इन्व्हर्टरची दोन्ही टोकं हाय व्होल्टेजची असतात, तिथे प्रोब लावलात तर स्कोप जाईल आणि हातालाही चटका बसेल.)

ती असेंब्ली दोन शिफ्टमध्ये सात वर्षं चालली. २०१७ मध्ये त्यांनी ती मशीनच विकली, तेव्हा डिस्प्ले चालूच होता. चांगल्या ट्यूबचं आयुष्य पन्नास हजार तासांपर्यंत धरतात, म्हणजे तेवढ्या तासांत उजेड निम्म्यावर येतो. दोन शिफ्टच्या हिशोबाने आठ-नऊ वर्षं. माझी ट्यूब त्या हिशोबात बसली. दादाची तीन महिन्यांत गेली. पंचवीस वर्षं काम केलेल्या मामांची नोकरी त्या दिवशी जाता जाता वाचली, हे मी कधीच विसरणार नाही.

दुकान आम्ही २०११ मध्ये वेगळं केलं. दादा आता एलईडी किट बसवतो आणि जोरात चालतं त्याचं. त्याचं वाक्य अजून तेच आहे, उजेड पडला की काम झालं. म्हणून तुमच्या प्रश्नातल्या दुसऱ्या निम्म्यावर माझं मत स्पष्ट आहे. बाजारात मिळणारी कापून चिकटवायची एलईडी पट्टी सीएनसीच्या डिस्प्लेत बसवू नका. ज्या पन्हळीत २.६ मिलिमीटरची गोल ट्यूब बसते तिथे पट्टी तिरकी किंवा उंच बसते. मग कडेला उजेडाचे ठिपके ठिपके दिसतात आणि खालच्या ओळीतले आकडे त्या ठिपक्यांत बुडतात. ट्यूब चहूबाजूंनी उजेड फेकते आणि रिफ्लेक्टर तो गोळा करतो. एलईडी एकाच दिशेला फेकतो, त्यामुळे अ‍ॅक्रिलिकवर जे बारीक ठिपके छापलेले असतात त्यांचा हिशोब बिघडतो. शिवाय पट्टीची उष्णता पाठीमागून काढावी लागते. गोंदावर चिकटवलेली पट्टी बंद कॅबिनेटमध्ये उन्हाळ्यात सुटून अ‍ॅक्रिलिकवर वाकलेली मी स्वतः काढलीय. काही कंट्रोलर इन्व्हर्टरकडून ‘ठीक आहे’ असा सिग्नल मागतात. साध्या एलईडी ड्रायव्हरला (एलईडीला करंट देणाऱ्या सर्किटला) तो देता येत नाही आणि मशीन अलार्म दाखवून उभी राहते.

आता मी एवढं ट्यूबच्या बाजूने लिहिलं, तर दुसरी बाजूही सांगायलाच हवी. पाऱ्याच्या वस्तू कमी करण्यासाठी मिनामाता करार आहे. तो २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये लागू झाला आणि भारताने २०१८ मध्ये मान्य केला. आधी त्यात जास्त पारा असलेल्याच सीसीएफएलवर बंदी होती, म्हणजे अर्ध्या मीटरपर्यंतच्या ट्यूबमध्ये साडेतीन मिलिग्रॅमच्या वर. २०२२ मध्ये बालीत झालेल्या बैठकीत ठरलं की डिस्प्लेच्या सगळ्याच लांबीच्या सीसीएफएलचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२५ पर्यंत थांबवायची. पाऱ्याशिवायचा पर्याय जिथे शक्यच नाही तिथे करारात सूट आहे, पण ‘आम्हाला जुनीच आवडते’ हे कारण त्यात बसत नाही. त्यामुळे २०१० सारखे दहा नग चीनमधून मागवणं आता धरून चालू नका. आहे तो साठा आहे. त्यात खोक्यात पडून राहिलेली न वापरलेली ट्यूब मिळाली तर ती घ्या, पण बसवण्यापूर्वी अर्धा तास बाहेर पेटवून बघा.

आणि हा करार चुकीचा आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. त्या ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅमच पारा असतो, पण मी स्वतः अशा किती फोडल्या आणि झाडूने गोळा केल्या याचा आज विचार केला की अंगावर काटा येतो. तुमच्याकडे काढताना फुटली तर खिडक्या उघडा, दहा-पंधरा मिनिटं बाहेर जा, मग जाड कागदाने आणि चिकटपट्टीने तुकडे उचला. झाडू नको, व्हॅक्यूम तर नकोच. घट्ट झाकणाच्या बरणीत भरून अधिकृत ई-कचरावाल्याकडे द्या, भंगारात नाही.

म्हणजे एलईडी घ्यायचाच झाला तरी त्याचीही असेंब्लीच घ्या. तुमच्या पॅनेलच्या मॉडेलसाठी बनवलेली, मूळ पन्हळीत बसणारी, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर असलेली, आणि जिच्या ड्रायव्हरला मूळ इन्व्हर्टरचाच कनेक्टर लागतो अशी. चालू-बंद आणि उजेड कमी-जास्त करण्याच्या तारा त्यातूनच चालल्या पाहिजेत. अशी चांगली असेंब्ली मी गेल्या तीन वर्षांत सहा-सात मशीनना बसवलीय आणि एकही परत आलेली नाही. हे मी दादासमोर अजून बोललेलो नाही, पण इथे लिहितो.

खर्चाचा आकडा तुम्ही मागितलाय, तो मी देत नाही. पॅनेल न बघता जो आकडा सांगतो तो लांबी बघून ट्यूब बसवणाराच असतो. पॅनेलच्या मागच्या लेबलचा, इन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंचा आणि ट्यूबच्या दोन्ही टोकांचा फोटो टाका, मग बोलू. ट्यूब काढलीत तर जुनी फेकू नका, काळी पडलेली असली तरी कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवा, वायर आणि टोप्यांसकट. माप तिच्यावरूनच घ्यायचंय. आणि डिस्प्ले दुरुस्त होईपर्यंत त्या मशीनवर ऑफसेट, म्हणजे टूलच्या लांबीसारखे आकडे, टाकायचे असतील तर एकाने टाकावेत आणि दुसऱ्याने वाचावेत.